माया सोडून

फुरसुंगीच्या पुढं, सासवड रस्त्याला,
काचेमागं दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी.
एक बागेतला मोठा, एक शेतातला छोटा.
उंचीनं म्हणाल तर सख्खे भाऊ वाटावेत.
निनाद काळभोर नावाचा पोरगा
दोघांच्या पाठीवर थाप मारतो,
म्हशींच्या बाजारात मारतात तशी.

हे बागवाल्यावर चढून बसलेसुद्धा.
सीट मऊ. गिअर नाहीत, नुसतं पॅडल दाबायचं.
पोटाखाली पातं; गवत कापत जातो
खाली मान घालून, शहाण्या मुलासारखा.
"गुडघ्याला बरं पडेल," म्हणाले.
एकतीस वर्षं स्वारगेट ते कात्रज
उभ्यानं तिकिटं फाडलेला गुडघा तो,
त्याला मी काय बोलणार?

मी पर्समधून टेप काढली.
धायरीच्या दुकानातली, पिवळी,
पहिले दोन इंच झिजून गेलेले,
म्हणून मी नेहमी तीनापासून मोजते.
पोरगा हसला. हसू दे.

सोनोरीला आमचं एक एकर बारा गुंठे.
अंजिराच्या ओळी लावताना पंधरा फुटांवर लावल्या,
पण फांद्या कुणाला विचारून वाढत नाहीत.
आता मोकळी वाट सहा फूट,
विहिरीपाशी साडेपाच,
आणि घासून गेलं की चीक, दोन दिवस खाज.

बागवाला, पात्यासकट: चार फूट दोन.
शेतवाला, चाकाच्या कडेपासून कडेपर्यंत: तीन फूट अकरा.
पुन्हा मोजलं. तेवढंच.
थोराड दिसणारी गिऱ्हाइकंही
टेप लावल्यावर अशीच निघतात.

कापताना मी माया सोडते.
वाढत्या पोरीच्या फ्रॉकला दीड इंच,
नवरीच्या ब्लाउजला एक; लग्न अंगाला लागतं.
"अगदी फिट्ट शिवा" म्हणणाऱ्या
संक्रांतीच्या आत परत येतात, काखेत उसवून.
बागवाला आजच्या मापाचा आहे.
उद्या म्हटलं शेणखत ओढ,
ओळीतली माती मोकळी कर,
फवाऱ्याचा पंप चालव,
तर ह्याला मी कुठून उसवू?
शेतवाल्याला मागं तीन हात आहेत,
अडकवाल ते धरतात.
किमतीतला फरक: माझ्या दोन दिवाळ्यांची शिलाई.

"आपण काय आता वाढत्या अंगाचे?" हे म्हणाले.

ह्याला उत्तर नव्हतं माझ्याकडं.
कितीतरी म्हाताऱ्यांचे लेंगे
मीच कमरेत आत घेतलेत,
गेल्या वर्षी ह्यांचेसुद्धा.

तरी माझ्या शब्दाखातर शेतवाल्यावर चढले.
क्लच दाबला. ओठ दाबले.
उतरले ते उजव्या पायावर भार देत,
आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले.
"ड्रायव्हर ठेवा की काका," पोरगा म्हणाला.
बासष्ट झाडांना ड्रायव्हर!

मी पदर खोचला.
पाठीला उशी लागेल. ती शिवता येईल.
क्लच जड होता, नाही असं नाही.
पण चाळीस वर्षं पायमशीन मारलंय मी,
टाच, चवडा, टाच, चवडा,
दोन पोरांच्या फिया, बोअरवेल, ती जमीनसुद्धा
ह्याच दोन पायांनी ओढून आणली.
पायांना नवीन एवढंच होतं
की ह्या खेपेला जागचं हलायचं होतं.

मागच्या आवारात, फरशी संपून मुरूम लागतो तिथं,
पोरानं चावी फिरवून दिली.
धूर निघाला, मग आवाज बसला.
माझ्या मांड्या थरथरत होत्या,
इंजिनानं का आणखी कशानं, ठाऊक नाही.
हे मडगार्डापाशी येऊन उभे राहिले.
बोलले काहीच नाहीत.
खिशातून रुपया काढला,
पत्र्यावर वाजवला.
टण.
टण.