पाच रुपये बाकी

साडेबारा वाजले की आधी पोट हिशेब मागतं,
मग साहेब.
फोर्टातल्या तिसऱ्या मजल्यावर मी
दुसऱ्यांच्या कोटींना टिकमार्क करते,
आणि माझ्या पर्समध्ये
पंच्याऐंशी रुपये, एक सेफ्टी पिन,
शिवाय महिन्याचे अजून नऊ दिवस. पगार एक तारखेला.

कोपऱ्यावरच्या एसी हॉटेलात मेनूकार्डाला कातडी पुठ्ठा.
पुठ्ठ्याचेच पैसे असणार.
त्याच्यापुढे सँडविचवाला. चटणी झणझणीत,
पण सँडविच म्हणजे जेवण नव्हे,
भुकेची समजूत काढणं.
चायनीज भेळेचा लाल रंग संध्याकाळपर्यंत बोटांवर राहतो,
फायलींना लागतो.

शेवटी आमचा शिपाई गजरमल,
गठ्ठ्याचा दोरा दातांनी तोडत म्हणाला,
"मॅडम, पाट्या वाचू नका.
हमाल कुठं जेवतात ते बघा."

तर मी हमालांच्या मागे गेले.
बोरा बाजाराच्या आत, आणखी आत,
कागदाच्या रिमांना वळसा घालून,
रबरी शिक्के कोरणाऱ्याच्या कोपराला धक्का न लावता.
निळी ताडपत्री. दोन फळ्या. रंगाचे रिकामे डबे.
डब्यावर बसायचं, फळीवर जेवायचं,
ओढणी गटाराच्या झाकणापासून सांभाळायची.

हमाल तिला नुसतं 'बाय' म्हणतात.
भिंतीवर खडूनं:
आज जवळा. बिरडं. भात. ९०
माझी नजर नव्वदवर अडली,
तिची माझ्यावर.
"किती हायेत?"
"पंच्याऐंशी."
"बस. उद्या दे."

थाळी मध्ये चेपलेली,
त्या खळग्यात आमटी आपोआप जमते.
कांद्यात परतलेला जवळा, कोकमानं आंबट,
आणि बिरडं.
म्हणजे कुणीतरी काल रात्री बसून
एकेक वाल चिमटीत धरून सोललाय.
नव्वद रुपयांत ते धरलेलं नाही.
मी ऑडिटवाली,
काय धरलेलं नाही ते मला आधी दिसतं.

समोरच्या डब्यावर बँकेचा वॉचमन,
टोपी मांडीवर उताणी, टोपीत लिंबाची फोड.
वरून घेतलेला बोंबील त्यानं
माझ्या ताटात ठेवला, जणू टपाल पोचवलं.
"काल दाढ काढलीय. घेतल्यावर आठवलं."
परक्याच्या ताटातलं!
मी नको म्हणायच्या आत
माझ्या तोंडात कुरकुर झाली होती.

भात संपला, तिनं वाढला.
"पुरे" म्हणाले.
ते तिला ऐकू आलं नाही,
या गल्लीत तो शब्द फारसा वापरात नसावा.

मागे दोघं हमाल उभे.
बोलत नव्हते, पण त्यांची भूक
माझ्या मानेला लागत होती.
उठले. पिंपातल्या पाण्यानं हात धुतले,
तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत जवळा सोबत आला.
टिकमार्क. टिकमार्क.
एका पानावर मथळा होता, 'किरकोळ देणी'.
तिथं पेन्सिलीनं, अगदी बारीक, ५ लिहिलं.
खोडलं.

दुसऱ्या दिवशी गजरमलकडून शंभर उसने घेऊन गेले,
पाचाचं नाणं मुठीत वेगळं.
भिंतीवर: आज अंडं. मसूर. ८०
"हे कालचे पाच."
"कसले?"
मी सांगितलं, जरा जास्तच सविस्तर.
पातेल्यातून नजर न काढता तिनं मान हलवली.
नाणं घेतलं नाही, नको असंही म्हणाली नाही.
ते फळीवरच राहिलं, आमटीच्या ओघळाशेजारी.
मग ताट आलं, नेमकं त्याच्यावर ठेवलं गेलं,
आणि शेवटच्या घासापर्यंत
थोडं डुगडुगत राहिलं.