वही

बारा वर्षं उलटली की
परागंदा माणसाला मेलेला धरता येतं.
मी सोळा धरली. वरची चार माझ्या पदरची.
गिरणीला कुलूप लावलं,
पिशवीत काळे तीळ, जवाचं पीठ, धुतलेली साडी,
आणि परभणीहून रात्रभर खिडकीशी बसून आले.

रिक्षावाला म्हणाला, गंगेवर ना मावशी?
इथंही गोदावरीला गंगाच म्हणतात.
आमच्या गंगाखेडला पोचेस्तोवर
ती म्हातारी झालेली असते, वाळूत बसत बसत येते.
इथं तिला नुकतीच वाट फुटलेली.

रामकुंडावर एक पोरगा
पाठीला डबा बांधून पोहायला शिकत होता.
त्याच्या शेजारी लोक गाडगी उलटी करत होते.
या पाण्यात हाड विरघळतं म्हणतात.
हाडच नसेल तर?
शशिकांतगुरुजी म्हणाले, पळसाच्या पानांचा माणूस करू.
भाऊबंद कुणी नाही आलं?
मी आलेय की.

तीनशे साठ पानं.
चाळीस डोक्याला, दहा गळ्याला, छातीला तीस.
ते मोजत होते आणि मला वाटत होतं,
लिंबाच्या डोक्याला चाळीस कशी पुरतील,
केवढे केस होते,
उवा काढायला मला अख्खा रविवार लागायचा.

गळ्यापर्यंत झाला तेव्हा
गुरुजींनी नोंदीसाठी लाल फडक्यातली वही सोडली.
गाव? आडनाव?
पौळ. हां. हा तुमचा खापरपणजा, बैलगाडीनं आला होता,
हा आजा, अंगठा दिलाय.
हे सखाराम.
आणि त्याच्या खाली
बसका ल, काना नेहमीसारखा तिरका:

लिंबाजी सखाराम पौळ. वडिलांचे श्राद्ध केले.
आई रुक्मिण. बहीण कौसा.
पत्नी शेवंता. मुलगी ऋतुजा, वय तीन.
हल्ली मुक्काम, आणि पुढं शाई फुटलेली.

तारीख मी तीनदा वाचली.
दादांच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता.
ऊन डोक्यावर आलं, लोक घड्याळं बघायला लागले.
मी पदर पसरून म्हणाले, लिंबाला शोधीन, दादा.
तेव्हा कुठं त्यानं चोच लावली.
त्यानंतर अकरा दिवसांनी
हा इथं, याच पायरीवर, कोरड्या धोतरात उभा.
म्हणजे कुणीतरी त्याला सांगत होतं.
म्हणजे त्याला पत्ता ठाऊक होता
आणि मी मेली कुणीकुणीकडं पत्रं टाकत राहिले.

शिव्या तोंडात आल्या त्या घाटावर देता येईनात.
ऋतुजा, म्हणून पाहिलं.
आमच्या घरात असलं नाव कधी नव्हतं.
ऋ म्हणताना जिभेला कोंडा चिकटतो.

मग आता हे काय करायचं? गुरुजी म्हणाले.
पाटावर लिंबा गळ्यापर्यंतच.
आम्ही बोलत होतो तोवर
शेळी आली आणि डोक्याची पानं खाऊन गेली.
गुरुजी हसले नाहीत. दक्षिणा त्यांनी निम्मी परत केली,
मी ती परत पाटावर ठेवली.
पेन मागितलं.

वर कपालेश्वराला जाऊन आले.
तिथं महादेवासमोर नंदी नाही.
त्यानं देवाला वाट दाखवली, तो गुरू झाला,
त्याला पायाशी कसं बसवायचं, असं पुजारी सांगत होता.
मला काय, ती मोकळी जागा बरी वाटली.
कुणी आलं तर बसायला.

वहीत मी लिहिलं:
आई गेली. गिरणीचा पट्टा बदलला.
फोन नंबर खाली दिलाय, दुपारी उचलत नाही.
कौसा.

शेवटी पाय तेवढे बुडवले.
अंघोळ केली नाही, सुतक नव्हतं.
हे पाणी माझ्याआधी गावी पोचेल का?
शेजारची बाई म्हणाली, मध्ये धरण आहे ना,
सोडलं तर पोचेल.