फोटो क्रमांक दोनशे सत्त्याऐंशी

नारळी पौर्णिमेला दुपारी तीनच्या सुमारास
भवानी पेठेत मार्कंडेयाचा रथ हलतो.
मंडळानं बाराशे रुपये, एक नारळ
आणि अध्यक्षांचे कमीत कमी तीस फोटो
असं माझ्याशी ठरवलं होतं.
कॅमेऱ्यावर दुधाची धुतलेली पिशवी.
श्रावणाचा भरवसा नाही,
गुलालाचा तर त्याहून नाही.

रंग इतके की कॅमेरा गोंधळतो.
लाल दिसला की तो लालच खात सुटतो,
बाकीचे चेहरे उपाशी राहतात.
मोरपंखी लुगड्यातल्या बायकांची रांग,
डोक्यावर कलश, कलशावर नारळ,
नारळाच्या डोळ्यांना हळदीचं बोट.
बँडवाल्याच्या कोटाला पाच बटणं, पाचही वेगळी.
एक पोरगा रथाच्या चाकाखाली लिंबू ठेवून पळाला.
चाक गेलं, लिंबू फुटलं,
मला फक्त साल मिळाली.

मग ट्रकवरचा माग आला.
खराखुरा, फळ्या ठोकून बसवलेला,
वर झेंडूचं छत, शेजारी धूर सोडणारा जनरेटर,
आणि मधे राजेशम दुडम
मिरवणुकीकडे ढुंकूनही न बघता विणत होते.
वर्षभर ते कोंढव्याच्या एका सोसायटीत रात्रीचे वॉचमन.
माग असा एकदाच, तोही चालता.
पेठेतले सगळे खड्डे त्यांच्या कापडात उतरतात.
धोटा इकडून तिकडे,
माझं शटर उघडमीट,
तीन-चार मिनिटं दोघांची लय जुळली
आणि स्पीडब्रेकर आला.
धागा तुटला.
त्यांनी जिभेवर बोट ओलं केलं, गाठ मारायला घेतली.
ती गाठ टिपायला मी रस्त्यावर गुडघे टेकले,
तेवढ्यात अध्यक्ष आडवे आले, हात जोडून, हसत.
एकतिसावा.

मार्गशीर्षात एक माणूस स्टुडिओत आला.
अंबादास येमूल. चपला बाहेर काढून,
देवळात यावं तसा.
"आमची आई, नरसव्वा. मिरवणुकीत होती म्हणतात.
घरात तिचा फोटोच नाही.
आधारकार्डावरचा आहे, पण तो कुणाचाही असेल."

चारशे चाळीस फोटो. दोघं दोन स्टुलांवर.
कलशाची रांग आली तेव्हा तो म्हणाला,
"इथं बघू नका, इथं ती नसणार."
बाकी प्रत्येक बाईपाशी थांबायचा.
ही नाही. ही आमची मावशी. ही पण नाही.
ही भांडकुदळ, पुढे चला.
दोनशे सत्त्याऐंशीला त्यानं काचेवर बोट ठेवलं
आणि उचललं नाही.

मागाचाच फोटो. उजव्या कडेला,
जनरेटरच्या धुरात,
राजेशमच्या बोटांवर तिचे डोळे,
ओठ किंचित पुढे आलेले,
दुसरं कुणी सुई ओवताना आपले येतात तसे.
फोकस धाग्यावर होता.
ती थोडी विरघळलेली.

मी तिला कापून घेतलं.
आधी रथ गेला, मग झेंडू, मग बँड,
राजेशमचं कोपर,
शेवटी अध्यक्षांचा एक कान.
मिरवणूक पुसताना आवाज होत नाही.
मागे निळा पडदा टाकला,
फ्रेमवाले मागतात तो.

डाव्या गालावर गुलाल उरला.
"हा काढते, डाग वाटेल," मी म्हटलं.
तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
"आप्पा गेल्यापासून तिला कुणी लावला नव्हता.
त्या दिवशी गर्दीत कुणाला कळलं नसेल, लावला.
चार दिवस तिनं तो गाल धुतला नाही."

मी माऊस सोडला.
खांद्याजवळ मागाचा एक धागा सुटून राहिला होता,
तोही मग तसाच.

"साईज काय करू?"
"भिंत लहान आहे आमची," तो म्हणाला,
"पण मोठाच करा."