पायऱ्या

साडेसातच्या बातम्यांआधी लागायची ती जाहिरात.
काळ्यापांढऱ्या पडद्यावर खाली जाणारा जिना
आणि एक मुलगा, पाठमोरा.
पहिल्या पायरीवर त्याची बॅट राहायची, दुसरीवर दप्तर,
मग चप्पल, मग सावली.
शेवटी नुसता जिना. आणि एक जड आवाज :
‘खाली जाताना कुणी पायऱ्या मोजत नाही.’

आम्हाला पाठ होती.
वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्ट क्वार्टर्समध्ये
जिन्यावर आम्ही तेच खेळायचो.
वॉटरबॅग टाक, रिबन टाक, आता मर.
मी सगळ्यांत छान मरायचे.

टीव्ही फक्त हळदणकरांकडे.
दाराशी चपलांचा ढीग, फरशीवर आम्ही वीसेक जण
आणि मोरीच्या भिंतीला टेकून त्यांचा मोरेश्वर,
ज्यानं मला राणी घ्यायला शिकवली होती,
कव्हरसकट.
जाहिरात लागली की काकू लगबगीनं उठायच्या,
दूध उतू जात असल्यासारख्या,
आणि आवाज बारीक करायच्या.
‘काकूऽ, आवाज!’
सगळे पडद्याकडे बघायचे. फक्त पडद्याकडे.
तोवर त्यांच्या घरातले चमचे कमी झाले होते,
नंतर सगळ्या मजल्याच्या नळाची पितळी तोटी.

शाळेत धड्यात आली गर्द झाडी.
बाईंनी विचारलं, गर्द म्हणजे?
मी हात वर केला : पुडीतून येतं ते.
बाई हसल्या नाहीत.

गर्दुल्ला हा शब्द तेव्हाचाच.
तिसऱ्या मजल्यावरून आम्ही तो खाली फेकायचो,
नेम धरून.
मोरेश्वर वर बघायचा नाही.

पुढे तो मिरजेला मामाकडे गेला म्हणतात.
कुणी शिवडीचं नाव घेतं, पुलाखालचं.
काकूंनी कॅरमबोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला
आणि टीव्ही विकला.

आता ऑफिसात डबे उघडले की जुन्या जाहिराती निघतात,
साबणाच्या, तुपाच्या, स्कूटरच्या.
मी जिन्याची करून दाखवते, आवाजासकट.
काय दिवस होते, म्हणतात सगळे.
परवा नवा मुलगा विचारत होता,
‘पण मॅडम, उपयोग झाला का कुणाला?’
मला झाला. मी साधी सिगरेटही ओढली नाही कधी.
असं म्हणाले, आणि डब्याचं झाकण
उगाच दोनदा लावलं.

लिफ्ट बंद असली की मोजत उतरते मी.
काल अकराव्या पायरीवर पांढरी भुकटी सांडलेली.
थांबले.
खाली वाकून बोट लावलं.
बोरिक. कुणाची तरी पोरं
कॅरम खेळत होती.