त्रेचाळिसावं मिनिट

आठ दिवस आमची गल्ली लंडन झाली होती.
रिगाच्या जुन्या भागातली, दगडी फरसबंदीची.
पाट्या बदलल्या, बेकरीची पतपेढी झाली,
ट्रामच्या तारा धुराच्या डब्यांनी झाकल्या,
आणि तो आला, कॉलर उभी करून,
बाहीवरच्या चिखलावरून माणसाचं गाव सांगणारा,
सुतावरून स्वर्ग गाठणारा,
रशियन बोलणारा इंग्रज डिटेक्टिव्ह.

आई हे सांगायची बटाटे सोलताना.
तिला तीन रूबल मिळाले, भाड्याची टोपी मिळाली
आणि ढकलायला एक बाबागाडी.
आत काय होतं गं?
बाहुली. दुसरं काय असणार?
तिच्या सुरीखालून साल नेहमी अखंड उतरायची,
लांब फितीसारखी.
इथं तुटायची.

वीसेक वर्षांनी टीव्हीवर पुन्हा लागला
तेव्हा तिनं तो कॅसेटवर घेतला.
सुरुवातीला बातम्यांचं अर्धं वाक्य, गव्हाच्या कोठारांबद्दल,
मग पियानो, मग धुकं.
लेबलवर तिच्या अक्षरात एकच शब्द : गल्ली.
डिटेक्टिव्हचं नाव लिहावंसं वाटलं नाही तिला.

कॅसेट तशी धडधाकट.
फक्त त्रेचाळिसाव्या मिनिटाला
पांढऱ्या रेघा सरसरत यायच्या,
आई कोपऱ्यावरून वळता वळताच विरून जायची.
मशीनचं डोकं साफ करायला हवं, बाबा म्हणायचे.
स्पिरिट आणलं, कापूस आणला.
रेघा तिथंच.

आई जाऊन तीन वर्षं झाली.
परवा कामावरच्या ऊल्दिसनं एक खोका दिला :
चार तबकड्या, जुने सगळे भाग,
एकेक चौकट धुऊन पुसून काढलेली.
धुकंसुद्धा जरा जास्तच पुसलंय.
आता ट्रामच्या तारा दिसतात,
डिटेक्टिव्हच्या मिशीखालचा गोंद दिसतो.

त्रेचाळिसावं मिनिट.
आई. पायघोळ झगा, चालताना किंचित मागं रेललेली.
तो समोरून येतो, टोपीला बोट लावतो,
गाडीवानाच्या अंगठ्याकडं निरखून बघतो, पुढं जातो.
आणि बाबागाडीच्या काठावरून
एक हात बाहेर येतो,
झालर धरतो,
सोडतो.

बाहुल्या असं करत नाहीत.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.
चित्रीकरण नोव्हेंबरातलं, सहासष्टचं.
मी पुढल्या फेब्रुवारीतली.
म्हणजे त्या झग्याखाली मी होते.
म्हणजे गाडीत मी नव्हते.

घरात दुसऱ्या कुणाचा फोटो नाही.
दफनभूमीत आमच्या आडनावाचे दगड मोजून पाच,
पाचही म्हाताऱ्यांचे.
कुठंतरी पाणी मुरतंय हे मला कधी जाणवलंच नाही;
दोघांनीही ताकास तूर लागू दिली नाही.
आणि तो, ज्याला राखेवरून सिगारेटचं दुकान कळतं,
तो त्या गाडीच्या हातभर अंतरावरून गेला.
त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी मरणाचं काम होतं.

कॅसेटचं मात्र आता कळतंय.
फीत झिजते ती बोट थांबतं तिथं.
आम्ही झोपल्यावर, आवाज बंद करून,
थांबव, मागं घे, पुन्हा थांबव.
पाहून पाहून तिनंच पुसलं त्याला.
की तिला.
तेही मला माहीत नाही.

तबकडी झिजत नाही.
संध्याकाळपासून तो हात पडद्यावर तसाच आहे,
लोकरीच्या बाहीतून निघालेला.
बाहीच्या कडेला नागमोडी वीण, तीन ओळी,
तिसऱ्या ओळीत एक टाका चुकलेला.

हा टाका माझ्या ओळखीचा आहे.
माझ्या पहिल्या फोटोत मी हाच स्वेटर घातलाय.
मला वाटायचं,
तो माझ्यासाठी विणला होता.