पोटदुखी

माझं आलं तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते.
मासळीच्या कारखान्यात पट्ट्यासमोर उभी,
हातात सुरी, समोर कॉड,
आणि सुरी कुठून फिरवायची तेच आठवेना.
चौतीस मासे तसेच पुढे गेले, अखंड.
मुकादम ओरडला नाही.
तेवढ्यावरूनच कळलं मला.

मग घर. पडदे. पहाटे तीनला मोडणारी झोप.
जेवण म्हणजे ओला पुठ्ठा.
डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या,
वारदोतल्या बायका दारात सूप ठेवून गेल्या.
माझं दुखणं दिसायलाही दुखण्यासारखंच होतं.

एस्किल पंधराचा.
सोमवारी पोट दुखतंय, गुरुवारी पोट दुखतंय,
शाळेच्या नर्सला काही सापडेना.
शनिवारी दुपारी दोनपर्यंत लोळणं,
मग फ्रिजसमोर उभ्याउभ्या अर्धा पाव फस्त.
केस काप रे, म्हटलं. एवढंच म्हटलं.
तर बशी भिंतीवर.
आणि रात्री त्याच भिंतीपलीकडून हसणं,
सिवर्टशी बोलताना, खळखळून, अगदी खरं.
मी नवऱ्याला म्हणाले, हसतोय ना,
मग वय आहे, दुसरं काय.
मला त्या दिवसांत कुणी हसवू शकलं नव्हतं.

मी दुखणं अंगावर काढलं होतं.
तो ते आमच्यावर काढत होता.

जानेवारीत दोन महिन्यांनी सूर्य वर आला.
शाळा सुटली, पोरं टेकडीवर, बेकरीत गोड पावांची रांग.
तो लवकर परतला, बूट न काढता जिन्यावर बसला.
बर्फ वितळून पायरीवर डबकं झालं.
मी पुसायला गेले नाही.

‘सगळे ओरडले. मीपण ओरडलो,’ तो म्हणाला.
‘मग तो वर आला.
मग मला कळेना, आता काय.’

मी दोन पायऱ्या खाली बसले.
समोरच्या लाकडी माच्यांवर वाळत घातलेले मासे
वाऱ्यानं एकमेकांवर वाजत होते.

‘तुझं पोट दुखायचं?’
नाही.
‘मग कुठे दुखायचं?’
कुठेच नाही रे. तेच तर.

बराच वेळ त्यानं बुटाची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली.
‘माझं सगळीकडे,’ म्हणाला,
आणि लगेच माझ्यावर खेकसला, बघू नकोस अशी.

मी डबक्याकडे बघितलं.
डॉक्टरांकडे जायचं का, विचारलं.

‘तुझ्या नको,’ तो म्हणाला.
‘माझ्या.’