मुतखडा

मंगळवारी रात्री बिब्ब्यानं कुंपणाशी पाय वर केला
आणि तसाच धरून ठेवला,
जसं कुणी फोन कानाला लावून उभं राहावं
पलीकडून काहीच येत नसताना.
एक थेंब. तोही गुलाबी.
हडर्सफील्डच्या उतारावरचं आमचं हातरुमालाएवढं अंगण,
त्याचा कोपरा न् कोपरा त्यानं विचारून पाहिला.

नवरा अॅबर्डीनला. मी त्याचा कोट चढवून
गोठलेल्या गवतात उभी,
आणि तोंडातून आपोआप निघालं, श्शूऽऽऽ,
निषादला दोन पायांवर बसवून करायची तसं.
मिसेस सग्डेनच्या खिडकीत दिवा लागला.
बिब्ब्यानं माझ्याकडे पाहिलं, अजिजीनं,
आणि पोट आवळून घेतलं.

फोनवरच्या मुलीनं विचारलं, शेवटची कधी केली?
रंग? जोर लावतो का?
अठरा वर्षं या देशात लोकांचे हिशेब तपासते मी,
आणि या गोष्टीला माझ्याकडे
मोठ्या माणसाचा शब्दच नव्हता.
म्हटलं, वी.
ती म्हणाली, नर आहे ना? मग सकाळची वाट पाहू नका.

टॅक्सीवाल्या झुल्फिकारनं कुत्रा पाहून आधी मान हलवली,
मग माझ्या पायांतल्या दोन वेगळ्या चपला पाहिल्या
आणि डिकीतलं पांघरूण मागच्या सीटवर अंथरलं.
वाटेत एवढंच बोलला,
आमच्या अब्बांना झालं होतं हे.

अण्णांनाही झालं होतं.
मला ते भावानं तीन आठवड्यांनी सांगितलं, आवाज खाली आणून:
नळी लावली होती. तुला कशाला उगाच घोर.
आमच्या घरात कमरेखालचं काही दुखत नसे.

डॉक्टरीणबाईंनी बिब्ब्याच्या पोटाला नुसता हात लावला,
आणि त्यांचा चेहरा बदलला.
नर्सनं खर्चाचा कागद पुढे केला.
मी सवयीनं दशांशचिन्ह शोधलं,
मग सही केली.
त्याला आत नेलं. तो वळला नाही.
फरशीवर नखं वाजत गेली,
दार लागल्यावरही थोडा वेळ.

रात्रीचे दोन. सासूबाईंकडे सकाळचा चहा.
अगं, मुतखडाच तो, कुळथाचं कढण पाज.
सासरे मागून ओरडले, कुत्र्याला कसलं कढण!
मग दोघांचं त्यावरून जुंपलं
आणि मी फोन मांडीवर ठेवून ते ऐकत बसले,
रेडिओ ऐकावा तसं.
मुतखडा.
रिकाम्या हॉलमध्ये शब्द मोठ्यानं म्हणून पाहिला.
मशीनमधलं टोमॅटो सूप पिणाऱ्या म्हाताऱ्यानं
समजल्यासारखी मान डोलावली.

शुक्रवारी बिब्ब्या घरी आला, गळ्यात प्लास्टिकचा कर्णा,
सोबत डबीत सात खडे, तुरीच्या डाळीएवढे.
नको म्हणायचं सुचलं नाही.
पहाटे स्वयंपाकघरात पाय टाकला आणि मोजा भिजला.
ऊन ऊन. भलं मोठं तळं, फ्रिजखालपर्यंत.
तो कर्णा भिंतीला टेकवून उभा, ओशाळलेला.
मी त्याला रागावले नाही. लगेच पुसलंही नाही.

ओल्या मोज्यानिशीच नंबर लावला.
अण्णा, तुम्हाला शू नीट होते ना आता?

पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग खाकरले.
म्हणाले, तिकडे थंडी फार आहे का गं?